मुलींना मैदानातून काढू नका, आधी पंधरा मिनिटं द्या!



आजचा विषय गुडघ्याचा आहे. साठीतल्या झिजलेल्या गुडघ्याबद्दल आपण पूर्वी बोललो आहोत. आज बोलायचं आहे ते चौदा, पंधरा, सोळा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्याबद्दल. आणि आज मी नेहमीसारखं नुसतं समजावून सांगणार नाही, थोडं भांडणार आहे. पालकांशी, खेळाच्या सरांशी, मुख्याध्यापकांशी आणि गावात स्पर्धा भरवून चौकात बॅनर लावणाऱ्या मंडळींशी.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलीचा गुडघा खेळताना गेला की आपण खेळाला दोष देतो, तिच्या शरीराला दोष देतो, नशिबाला दोष देतो आणि तिला घरी बसवतो. खेळायच्या आधी तिला जी पंधरा मिनिटांची तयारी द्यायला हवी होती, ती कुणी दिली नाही याबद्दल मात्र कुणीच बोलत नाही.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. याचा पुरावा आहे, आणि तो महिलांच्या हॅण्डबॉलमधून आला आहे.

हॅण्डबॉलचा आणि केदारखेड्याचा काय संबंध?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदान, दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव. चेंडू हाताने खेळायचा आणि समोरच्या गोलात मारायचा. गोलसमोर सहा मीटरवर एक रेषा असते आणि आत फक्त गोलकीपर उभी राहू शकते. म्हणून मारणारी खेळाडू रेषेबाहेरून उंच उडी घेते, हवेतच चेंडू मारते आणि बहुतेक वेळा एका पायावर उतरते. समोरच्या खेळाडूला चकवण्यासाठी धावता धावता एकदम पाय रोवते आणि दिशा बदलते. उडी, एका पायावर उतरणं, पाय रोवून वळणं. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

युरोपात महिलांच्या क्लब हॅण्डबॉलचा सर्वात मोठा हंगाम म्हणजे ईएचएफ चॅम्पियन्स लीग. सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि पुढच्या वर्षी मे-जूनपर्यंत चालतो. २०२४-२५ च्या हंगामात सोळा क्लब होते, आठ-आठांचे दोन गट, आणि शेवटचे चार संघ हंगेरीत बुडापेस्टला खेळले. तिथल्या सभागृहात वीस हजार माणसं बसतात, आणि महिलांच्या सामन्यासाठी ते भरलेलंही आहे. त्या हंगामात हंगेरीच्याच ग्योर क्लबने डेन्मार्कच्या ओडेन्सला हरवून सलग दुसऱ्यांदा चषक जिंकला.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे आम्हाला कशाला सांगता? भोकरदन तालुक्यातल्या पोरींना याचं काय?

संबंध सरळ आहे. हॅण्डबॉल आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहे. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी त्याची पायरी आहे. केदारखेड्याच्या मुलीसाठी ती भोकरदन, जालना, छत्रपती संभाजीनगर अशी जाते. आणि आपल्या देशातल्या मुली यात कमी नाहीत. २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीत भारताच्या ज्युनिअर मुलींनी आशियाई विजेतेपद जिंकलं.

दुसरं, तुमच्या शाळेत हॅण्डबॉल नसेल, पण कबड्डी आणि खो-खो तर आहेच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक आपल्या महिला संघाने जिंकला आणि त्या संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्या खेळांतही हेच चालतं: उडी, एका पायावर उतरणं, पाय रोवून वळणं. चढाईहून परत फिरणारी मुलगी आणि खांबाला वळसा घालणारी मुलगी गुडघ्यावर तसाच पीळ आणते. गुडघ्याला खेळाचं नाव कळत नाही.

फरक एवढाच की हॅण्डबॉलमध्ये मुलींचे तुटलेले गुडघे कुणीतरी हंगामामागून हंगाम मोजले. आपल्याकडे ते मोजलेच जात नाहीत.

गुडघ्यात नेमकं काय तुटतं?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणाऱ्या दोन मजबूत दोऱ्या असतात. त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून जातात. पुढच्या दोरीला एसीएल म्हणतात. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये याची राखण ती करते.

मुलगी उडीवरून खाली येते. पाय जवळजवळ सरळ असतो. पाऊल जमिनीवर घट्ट रुततं आणि शरीर दुसरीकडे वळतं. गुडघा आतल्या बाजूला कोसळतो, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो. त्या क्षणी ही दोरी तुटते. नॉर्वेतल्या संशोधकांनी महिला हॅण्डबॉल आणि बास्केटबॉलमधल्या अशा दहा दुखापतींच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. पाऊल टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, दोरी तुटलेली असते असं त्यांना दिसलं. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

यातून दोन गोष्टी कळतात.

एक, बहुतेक वेळा गुडघ्यावर कुणी आदळलेलं नसतं. "कुणी ढकललं का तुला?" हा घरी विचारला जाणारा पहिला प्रश्न चुकीचा आहे. मुलगी बहुधा एकटीच पडलेली असते.

दोन, इतक्या कमी वेळात मेंदू विचार करून पाय सावरू शकत नाही. "बघून खेळ", "सांभाळून उतर" असं मैदानाबाहेरून ओरडून काही उपयोग नाही. गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरायची सवय शरीरात आधीच मुरलेली असली पाहिजे. सायकल चालवताना तोल सावरायचा विचार आपण करत नाही, तसं. आणि सवय सरावानेच लागते.

"मुलींचं शरीरच नाजूक!"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता राग येतो.

यात तथ्य किती ते आधी सांगतो, कारण लपवण्यासारखं काही नाही. नॉर्वेच्या वरच्या दर्जाच्या हॅण्डबॉलमध्ये तीन हंगाम मोजणी झाली, तेव्हा महिलांमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे पाचपट निघालं. कमरेची रुंदी, मांडीचा कोन, सांध्यांचा सैलपणा, संप्रेरकं, अशी अनेक कारणं चर्चेत आहेत. पण आपल्या हातात असलेलं एक मोठं कारण म्हणजे उतरायची आणि वळायची पद्धत, आणि मांडीच्या मागच्या व कुल्ल्याच्या स्नायूंची ताकद.

आता आपल्या गावाकडे बघा. मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून गल्लीत पळतो, झाडावर चढतो, विहिरीत उड्या मारतो. मुलगी आठवी-नववीपर्यंत घरकाम करते, धाकट्या भावाला सांभाळते आणि डोक्यावर हंडा घेऊन जपून चालते. मग एक दिवस सरांना संघ पूर्ण करायला सात मुली हव्या असतात आणि तिला मैदानात उतरवलं जातं. जिने कधी उडी मारून उतरायचा सराव केला नाही, तिच्याकडून आपण तासभर उड्या मारून घेतो. गुडघा गेला की म्हणतो, शरीर नाजूक.

हे शरीर नाजूक नाही, त्याला कुणी शिकवलेलं नाही. मुलींना धोका जास्त आहे, या माहितीचा अर्थ त्यांना तयारी जास्त द्यायला हवी असा होतो. त्यांना घरी बसवायला हवं असा होत नाही. घाटात अपघात जास्त होतात म्हणून आपण गाव सोडत नाही, ब्रेक तपासतो.

नॉर्वेने काय केलं?

महिला हॅण्डबॉल हा नॉर्वेत घराघरांत पाहिला जाणारा खेळ. १९९८-९९ च्या हंगामात तिथल्या वरच्या तीन विभागांतल्या महिला क्लबांमध्ये, सुमारे नऊशे खेळाडूंमध्ये, संशोधकांनी एसीएल तुटल्याच्या घटना मोजल्या. एका हंगामात २९.

पुढच्या हंगामापासून त्यांनी एक छोटा कार्यक्रम दिला. दर वेळी पंधरा मिनिटं. हंगामाआधी पाच ते सात आठवडे आठवड्यातून तीनदा, मग हंगामभर आठवड्यातून एकदा. त्यात तोल सांभाळायचे, उतरायचे आणि वळायचे व्यायाम होते. जोडीदार खेळाडूने समोर उभं राहून एकच गोष्ट बघायची: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की आत कोसळतो?

त्या हंगामात २३ झाल्या. त्याच्या पुढच्या, म्हणजे २०००-०१ च्या हंगामात, १७.

काटेकोरपणे बघितलं तर एकूण आकड्यातली ही घट एकटी निर्णायक म्हणता येत नाही, कारण अनेक संघांनी कार्यक्रम नीट केलाच नव्हता. पण सर्वात वरच्या विभागात ज्या खेळाडूंनी तो पूर्ण केला, त्यांच्यात आणि न करणाऱ्यांच्यात फरक स्पष्ट होता.

मग आणखी भक्कम तपासणी झाली. १५ ते १७ वयाच्या १८३७ खेळाडू, १२० क्लब, बहुतेक मुली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे क्लब दोन गटांत वाटले. एका गटाला १५ ते २० मिनिटांचा ठरावीक वॉर्मअप दिला, दुसऱ्याला नेहमीसारखं खेळू दिलं. हंगामाअखेर नेहमीसारखं खेळणाऱ्या गटात गुडघा आणि घोट्याच्या ८१ अचानक दुखापती झाल्या, वॉर्मअप करणाऱ्या गटात ४८. दोन्ही गट साधारण सारखेच होते. म्हणजे धोका जवळजवळ निम्म्यावर आला. हा अभ्यास २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. आज त्याला वीस वर्षं होऊन गेली.

वीस वर्षं! एखाद्या गोळीने दुखापती निम्म्या केल्या असत्या तर ती आज प्रत्येक मेडिकलमध्ये मिळाली असती. हा व्यायाम फुकट आहे, त्यातून कुणाला कमिशन नाही, म्हणून तो आपल्या मैदानापर्यंत पोहोचला नाही.

आणि या गोष्टीचा शेवटचा भाग सर्वात महत्त्वाचा. संशोधन संपलं, लक्ष कमी झालं आणि नॉर्वेत दुखापती पुन्हा वाढल्या. मग त्यांनी प्रशिक्षकांमध्ये पुन्हा मोहीम सुरू केली, तेव्हा त्या परत खाली आल्या. हे औषध चालू ठेवलं तरच काम करतं. एका शिबिरात फोटो काढून भागत नाही.

नेहमीच्या सबबी

*"ते नॉर्वे आहे साहेब, इथे केदारखेडा आहे. त्यांच्याकडे पैसा आहे."*

पैशाचंच बोलू. नॉर्वेचा व्हायपर्स क्रिस्टियानसांड हा क्लब २०२१, २०२२ आणि २०२३ असा सलग तीनदा चॅम्पियन्स लीग जिंकला. २०२५ च्या जानेवारीत, हंगाम अर्ध्यावर असताना, तोच क्लब दिवाळखोरीत निघाला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. पैसा तिथेही आटतो. पण पंधरा मिनिटांना पैसा लागत नाही. नॉर्वेतल्या संघांना तोल सांभाळायच्या फळ्या आणि मऊ चटया दिल्या होत्या, हे खरं. त्याऐवजी जाड गोधडीची चौपदरी घडी घाला. तिच्यावर एका पायावर उभं राहून चेंडू झेलायला लावा. तोल कसा जातो ते तुम्हीच बघा.

*"शारीरिक शिक्षणाच्या तासाला वेळच कुठे मिळतो?"*

तो तास आधी गणिताला देऊन टाकू नका, म्हणजे मिळेल. आणि स्पर्धेआधीच्या सरावात तुम्ही मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावता, हात-पाय ताणायला लावता. त्याच वेळात हे व्यायाम बसतात. वेगळा वेळ लागत नाही.

*"आम्ही इतकी वर्षं खेळलो, आमचं काही झालं नाही."*

ज्यांचं झालं त्या आज मैदानावर बोलायला नाहीत. त्या लग्न होऊन गेल्या आणि जिना उतरताना गुडघा धरून उतरतात. त्यांना कधी विचारलंत?

*"मोठ्या खेळाडूंनाही होतंच की."*

होतं. नॉर्वेची नोरा मॉर्क ही ग्योर आणि व्हायपर्स या दोन्ही क्लबांकडून खेळलेली जगातली नावाजलेली खेळाडू. तिच्या गुडघ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, तरी ती परत आली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होती. पण ती परत आली कारण तिच्यामागे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, क्लब आणि पगार होता. आपल्या मुलीमागे कोण आहे? जिला परत येण्याची सोय नाही, तिचा गुडघा आधीच वाचवला पाहिजे.

आणि आपल्याकडे पणाला काय लागलेलं असतं तेही बोलू. राज्यस्तरापर्यंत गेलं तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कितीतरी मुलींच्या डोळ्यांत पोलीस भरती असते, आणि तिथे ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं. एसीएल तुटलेल्या, उपचार न झालेल्या गुडघ्याने ते कसं जमणार? जालना जिल्ह्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं होतं. खेळ हे मुलीला घराबाहेर, शाळेत आणि पुढच्या वर्गात टिकवून ठेवणारं एक मोठं कारण असतं. गुडघा गेला की ते कारण जातं. मग "आता काय खेळायचंय, स्थळ बघा" हे ऐकायला वेळ लागत नाही.

ती पंधरा मिनिटं म्हणजे नेमकं काय?

कागदावर उतरवून घ्या आणि सरांना द्या.

१. तीन मिनिटं धावणं. सावकाश पुढे, मागे, आडवं. मध्ये मध्ये थांबायचं आणि थांबताना गुडघे वाकवून थांबायचं. ताठ पायाने नाही.

२. तीन मिनिटं तोल. एका पायावर उभं राहून जोडीदाराशी चेंडू झेलाझेली. आधी जमिनीवर, मग गोधडीच्या घडीवर. दोन्ही पाय आलटून पालटून.

३. तीन मिनिटं ताकद. अर्धं उकिडवं बसून उठणं, एक पाय पुढे टाकून वाकणं. मग गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं आणि हातांवर यायचं. सुरुवातीला पाच वेळा पुरे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी हा उत्तम व्यायाम आहे.

४. तीन मिनिटं उडी आणि उतरणं. आधी दोन पायांवर, मग एका पायावर. मांजर उतरते तसं, आवाज न करता. धप्प आवाज आला तर परत.

५. तीन मिनिटं वळणं. पळत यायचं, पाय रोवायचा, दिशा बदलायची. एका लांब ढांगेत झटका देऊन वळण्यापेक्षा दोन-तीन छोट्या पावलांत वळायचं.

आणि पूर्ण वेळ जोडीदाराने गुडघ्यावर नजर ठेवायची. गुडघा आत गेला की ओरडायचं, "गुडघा!" मुली हे एका आठवड्यात शिकतात. एकमेकींच्या चुका काढायला त्यांना मजाही येते.

सोबत दोन गोष्टी. मैदान बघा. आपल्या काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा, मुरमातले दगड आणि पावसानंतरचा निसरडा चिखल यांच्यासाठी कुठलाही व्यायाम पुरेसा नाही. भेगा बुजवा, दगड वेचा. आणि मुलीचं रक्त बघा. राज्यात किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असलेली मुलगी दुसऱ्या डावापर्यंत गळून जाते आणि शिकलेलं उतरणं विसरते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी ती खरंच गिळते का, हे घरी विचारा. तीन महिने पाळी आली नसेल तर "खेळतेय म्हणून" असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. पुरेसं खाणं मिळत नसल्याची ती खूण असू शकते.

आणि तरीही दुखापत झाली तर?

"कट्ट" असा आवाज आला, मुलगी बसली, आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगला, तर एसीएल तुटल्याची शंका घ्या. आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी असते.

- खेळ तिथेच थांबवा. "जरा चालून बघ, मोकळं होईल" म्हणू नका.
- तेल लावून चोळू नका, लचक काढायला नेऊ नका, कुणाला पाय ओढू देऊ नका.
- कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पट्टी, आणि पाय उंच.
- एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेमध्ये हाड ठीक दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. ही दोरी एक्स-रेत दिसत नाही. हाताने केलेल्या तपासणीतून आणि गरज पडल्यास एमआरआयमधून कळतं.

दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगी चालायला लागते आणि घरचे म्हणतात, बरी झाली. इथेच सर्वात मोठा घात होतो. ती पुन्हा खेळते, गुडघा सुटल्यासारखा होतो, आणि दर वेळी आतली गादी फाटत जाते. पुढे तिशी-पस्तिशीत झिजेचा गुडघा घेऊन ती येते.

प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. काहींचं नीट व्यायामाने भागतं. पण उड्या मारण्याच्या आणि वळण्याच्या खेळात परतायचं असेल तर बहुधा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. आणि शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने स्पर्धा नाही. नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबल्याने पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होत गेलेला दिसला आहे. "विभागीय स्पर्धा आहे, इंजेक्शन देऊन खेळवा" अशी मागणी घेऊन कुणी आलं, तर उत्तर ठाम नाही असं आहे. दुखणं दाबलं म्हणून दोरी जोडली जात नाही.

आता तुम्ही काय मागायचं

पालकहो, मुलीला खेळू नको म्हणण्याआधी सरांना एक प्रश्न विचारा: सरावाआधी काय करून घेता? उत्तर "दोन फेऱ्या" असं आलं तर वरचा कागद त्यांच्या हातात द्या.

सर, मॅडम, तुमच्यावर किती कामं लादली आहेत याची मला कल्पना आहे. पण मैदानावर तुमच्याशिवाय तिचं कुणी नाही. एक वही ठेवा. कोणत्या मुलीचा कोणता गुडघा, कधी, काय करताना दुखावला. नॉर्वेने सुरुवात मोजण्यापासून केली. आपणही तिथूनच करू शकतो.

आयोजकहो, एका दिवसात एका संघाचे तीन-तीन सामने लावू नका. युरोपातल्या पगारी खेळाडूसुद्धा सामने फार होतात म्हणून आवाज उठवतात, आणि तुम्ही पंधरा वर्षांच्या मुलीला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उतरवता. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांना पंधरा मिनिटं मैदान द्या आणि तसं वेळापत्रकातच लिहा. बॅनरचा आकार एक फूट कमी करा, त्या पैशात थर्मासभर बर्फ आणि चार पट्ट्या येतील. पाहुण्यांची भाषणं पंधरा मिनिटांनी कमी केलीत तर वेळही निघेल आणि कुणाची तक्रारही येणार नाही.

आणि मुलींनो, हे तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाही सांगतो. कुणी करून घेत नसेल तर तुम्ही स्वतः करा. सात जणी जमा, गोल करा, एकीने मोजा. पहिल्या दिवशी बाकीचे हसतील. हसू द्या.

तुमचा गुडघा नाजूक नाही, पण तुम्हाला तो एकच जन्म वापरायचा आहे. घरी बसून तो वाचवू नका, तयारी करून वाचवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गुडघा सुजला असेल, अडकत असेल किंवा सुटल्यासारखा वाटत असेल तर प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.)